बेवारस कोणीच नाही

‘बेवारस’ हा शब्द मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या कानांवर रोज पडतो. बेवारस वस्तूला हात लावू नका, असे फलाटावरचा ध्वनिक्षेपक सांगत असतो, आणि डब्याकडे धावणारा प्रवासी ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो. रेल्वे पोलिसांच्या नोंदींत हाच शब्द माणसांसाठी वापरला जातो. रूळ ओलांडताना, दारातून निसटून, खांबाला आपटून उपनगरी रेल्वेवर मरणाऱ्यांची संख्या कोविडची वर्षे वगळली तर अलीकडेही दरसाल दोन हजारांच्या वर राहिली आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची ओळख अखेरपर्यंत पटत नाही. फोटो काढतात, कपड्यांचा रंग, अंदाजे वय, हातावरचे गोंदण लिहून ठेवतात, काही दिवस वाट पाहतात आणि मग सरकारी खर्चाने अंत्यसंस्कार करतात. सकाळी डबा घेऊन निघालेले, कोणीतरी ज्याची वाट पाहत होते असे एक आयुष्य कागदावर एका क्रमांकापुरते उरते. जीवनाची क्षणभंगुरता आणि ईश्वरावरील श्रद्धा हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचे दार उघडण्यासाठी मला या शब्दाहून नेमका दुसरा शब्द सापडला नाही. क्षणभंगुर जीवनाला अर्थ आहे का, या प्रश्नाच्या तळाशी गेले की हाती हेच लागते: माझ्या जगण्याला कोणी वारस आहे का? म्हणजे मालमत्तेचा नव्हे, जगण्याचाच.

जीवन क्षणभंगुर आहे हे अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या वाचकाला पटवून द्यावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी साकीनाक्याला टेकडीची दरड वस्तीवर येऊन ७० हून अधिक माणसे गाडली गेली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत दहा-अकरा मिनिटांत स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरिवली ही नावे त्या यादीत आहेत. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला आणि पावसात आडोशाला थांबलेली, गाडीत इंधन भरणारी १७ माणसे गेली. तेव्हा क्षणभंगुरतेची साक्ष काढायला शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. जे टिकत नाही ते निरर्थक असते काय? आपण हे गृहीत धरून बसतो, आणि मग श्रद्धेकडे फक्त एकच मागणी करतो, की तिने टिकण्याची हमी द्यावी: मेल्यावर स्वर्ग, पुन्हा जन्म, काहीतरी पुढे चालू राहणे. मराठी भक्तिपरंपरा काळजीपूर्वक वाचली तर तिचा भर या हमीवर नाही असे दिसते. तिचा भर आहे नात्यावर. देव माउली आहे, मायबाप आहे, धनी आहे. धनी या शब्दात दोन्ही गोष्टी आल्या: ज्याची सत्ता चालते तो, आणि ज्याचे आपण आहोत तो. जीवन कितीही छोटे असो, ते कोणाचे तरी आहे. म्हणून त्याला अर्थ आहे. हा या प्रस्तावनेचा एकमेव मुद्दा आहे आणि तो तपासून पाहायचा आहे.

या मुद्द्याचा सर्वांत कठोर पुरावा इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला घडलेला आहे. गावाच्या तटाचे काम चालू होते. कामावर वेठीची माणसे होती, आणि ती कोणत्या जातींची असणार हे सांगायला नको. तट कोसळला, मजूर त्याखाली सापडले. त्यांत चोखामेळा होते. विठ्ठलाचे ज्येष्ठ भक्त, सोयराबाईंचे पती, कर्ममेळ्याचे वडील. पण ढिगाऱ्याखाली ते एक मजूर होते, दुसऱ्या मजुरांसारखेच. परंपरा सांगते की बातमी कळल्यावर नामदेव पंढरपुराहून मंगळवेढ्याला गेले. इतक्या दिवसांनी ढिगाऱ्यातली हाडे कोणाची हे ओळखणार कसे? तर ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येते ती चोखोबांची. नामदेवांनी ती गोळा केली, पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. या कथेतला चमत्कार बाजूला ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा. मला तिच्यातली कृती अधिक मोलाची वाटते. एक संत आपले कीर्तन सोडून कोसळलेल्या बांधकामाच्या जागी जातो, हातांनी माती उकरतो आणि एका मजुराच्या अस्थी हुडकतो. कथा रचणाऱ्या लोकमनाला काय म्हणायचे होते? या मजुराच्या हाडांना मालक आहे. त्याचे मरण कोणाच्या तरी हिशेबात आहे. तट बांधून घेणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण ज्याचे नाव त्याच्या हाडांत मुरले होते त्याला ते ठाऊक होते. नंतरच्या काळात गावोगाव, शहरोशहरी किती भिंती पडल्या आणि किती नावे ढिगाऱ्याबरोबर डंपरमध्ये भरून गेली! एका कोसळलेल्या भिंतीखालच्या माणसाचे नाव साडेसहाशेहून अधिक वर्षे एका भाषेच्या तोंडी राहिले, याला मी श्रद्धेने उभे केलेले उत्तर मानतो.

अर्थाची दुसरी उत्तरे लोकांना ठाऊक आहेत, आणि ती खोटी नाहीत. मुलांसाठी जगतो, असे माणूस म्हणतो. वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेले दोन खोल्यांचे घर, मुलांची शिक्षणे, त्यांची लग्ने यांत एक पिढी कष्टाने आणि प्रेमाने खर्ची पडते. पण ज्यांना मूल नाही, ज्यांचे मूल आधीच गेले, ज्यांची मुले सातासमुद्रापार स्थिरावली त्यांचे जगणे कमी अर्थाचे ठरवायचे काय? कोणी म्हणते, काम मागे राहील. उपनगरांतले काम किती राहते ते पाहावे: ज्या चाळीच्या पायरीवर दगडात नाव कोरले होते ती चाळ पुनर्विकासात जाते, इमारत नव्या नावाने उभी राहते, आणि चौथ्या पिढीत पणजोबांचे नाव श्राद्धाच्या वेळी गुरुजींनी विचारले की घरात एकमेकांची तोंडे पाहावी लागतात. राहिले तिसरे उत्तर, हाती आहे तो क्षण भोगावा. ज्याला भोग परवडतो त्याच्यापुरतेच ते उत्तर आहे. पहाटे सव्वाचारच्या गाडीने कामावर निघालेल्या बाईला ते काहीच देत नाही. तिन्ही उत्तरांत दोष एकच. ती अर्थ काही जणांना देतात आणि काही जणांना नाकारतात. संतती, कीर्ती, सुख यांचे वाटप विषम आहे. अर्थाचे वाटपही तसेच विषम असेल तर बेवारस मेलेल्या माणसाचे जगणे खरोखरच बेवारस होते असे मान्य करावे लागेल. श्रद्धा हे मान्य करायला नकार देते.

गीतेच्या नवव्या अध्यायाच्या शेवटाकडे जगाची अनित्यता आणि ईश्वराचे भजन ही दोन्ही एकाच श्लोकात शेजारी ठेवलेली आहेत, आणि ज्ञानेश्वरांनी तिथे थांबून, दृष्टान्तामागून दृष्टान्त देत, माणूस मृत्यूच्या जबड्यात बसूनही कसा निश्चिंत असतो ते उलगडले आहे. हे लिहिणाऱ्याचे वय पंधराच्या आसपास होते. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागलेले, चार पोरकी भावंडे, वाळीत टाकलेले घर. ज्ञानेश्वरी १२९० ची आणि आळंदीची समाधी १२९६ ची. एकवीस वर्षांचे आयुष्य. अनित्यतेवरच्या त्या ओव्या त्यांना घराच्या उंबऱ्याबाहेरून शिकाव्या लागल्या नव्हत्या. तुकारामांचेही तेच. १६२९ ते १६३१ च्या दुष्काळात पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बसला, अब्रू गेली. त्यानंतर त्यांनी काय केले याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देहूचे पडके देऊळ त्यांनी नीट केले, आणि सावकारीची खते, धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन, आपल्या हिश्शाची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने मोडलेल्या कुळांकडे येणे असलेले पैसे त्यांनी सोडून दिले. मृत्यू इतक्या जवळून पाहिल्यावर श्रद्धेने त्यांच्याकडून करवून घेतलेली ही कृती आहे. दिलासा नंतर आला, आणि तोही भांडूनतंडून आला.

म्हणूनच, श्रद्धा ही भीतीतून काढलेली समजूत आहे, या आक्षेपाला माझ्या मते संतांच्या चरित्रांत फारसा आधार मिळत नाही. आक्षेप हलका नाही. मरणाला घाबरलेल्या माणसाने आकाशात एक पालक कल्पिला आणि त्याच्या मांडीवर डोके ठेवले, हे चित्र अनेकांच्या बाबतीत खरे असू शकते. गोपाळ गणेश आगरकरांपासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांपर्यंत महाराष्ट्रातल्या विवेकवादी परंपरेने या मनोवृत्तीवर बोट ठेवले, आणि दाभोलकरांना तर २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याची किंमत प्राणाने मोजावी लागली. श्रद्धावंतांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण समजूत घालणारे वाङ्मय कसे असते? ते मरण झाकते, गोड शब्द वापरते. रामदासांच्या दासबोधात तिसऱ्या दशकात एक सबंध समास मृत्यूच्या निरूपणाला दिला आहे आणि त्यात राजापासून रंकापर्यंत कोणालाही सूट नाही. वारकरी संतांनी देह जाणार, घर जाणार, सोयरे जाणार हे इतक्या वेळा आणि इतक्या उघड्या शब्दांत सांगितले की ऐकणाऱ्याच्या अंगावर यावे. घाबरलेला माणूस आपल्याच भीतीची अशी उजळणी रोज संध्याकाळी टाळ घेऊन करत नाही. शिवाय एखादी गोष्ट मनाला हवीशी वाटते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, जशी ती खरीही ठरत नाही. तहान लागते म्हणून पाणी कल्पित होत नाही.

यापेक्षा मोठा प्रतिवाद उपनगरांच्या डोंगरांतच कोरलेला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची, ज्यांना आपण महाकाली लेणी म्हणतो. हजार वर्षांच्या आसपास कान्हेरीला बौद्ध भिक्षू राहिले, शिकले, पाण्याची टाकी खोदून राहिले. आणि त्यांनी सर्व काही अनित्य आहे हे सत्य, सृष्टीचा कर्ता ईश्वर न मानता, शांतपणे पचवले. म्हणजे क्षणभंगुरतेला उत्तर देण्यासाठी ईश्वर अपरिहार्य आहे असे कोणी म्हणत असेल तर कान्हेरीच्या ओट्यांवर जाऊन बसावे. मी तसे म्हणत नाही. बुद्धांचा मार्ग ‘माझे’ ही पकडच सोडवतो. ज्याला वारस हवा तो ‘मी’ सैल झाला की प्रश्नाची धार जाते. भक्तीचा मार्ग ती पकड सोडवत नाही, वळवतो. ‘माझे’ सोडून ‘मी कोणाचा’ इथे येतो. दोन्ही मार्गांनी माणसे उंचीला पोचली आहेत, आणि ज्याला नात्यावाचून शांती लाभते त्याच्याशी वाद घालण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ज्याने आपले माणूस गमावले आहे आणि ज्याला ते माणूस कुठेतरी ओळखले जावे असे वाटते, त्याच्या दुःखाशी भक्ती अधिक जवळून बोलते, एवढे मी म्हणेन.

बौद्ध विचाराच्या आजच्या वारसदारांचा आक्षेप आणखी टोचणारा आहे, आणि तो टाळून हे पुस्तक वाचायला घेणे अप्रामाणिक होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संतांबद्दल विचारले की ईश्वरापुढे सारे समान असे सांगणाऱ्यांनी माणसामाणसांतली समता कोठे मागितली? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला त्यामागे हाच अनुभव होता, की देवाच्या दारात जागा देऊ करणारा समाज पाणवठ्यावर जागा देत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आत नाही. जिवंतपणी ज्यांना पायरी चढू दिली नाही त्यांना मेल्यावर पायरीशी जागा दिली, आणि मग सहा शतके त्यांच्या जातबांधवांना बाहेरूनच नमस्कार करायला लावला. बेवारस कोणी नाही असे म्हणणाऱ्या परंपरेनेच आपल्या लेकरांना दाराबाहेर ठेवले. याचा बचाव होऊ शकत नाही. कर्ममेळ्याच्या नावावरच्या अभंगांत तर बापाच्या नम्रतेची जागा संतापाने घेतली आहे. हीन जन्म देऊन वर भक्ती कसली मागतोस, हा त्याचा देवाला जाब आहे. मला दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. एक, बाबासाहेबांनी १९४८ मधला अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संस्था नाकारूनही त्यांनी त्या माणसाचे मोल ओळखले होते. दुसरी, १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपोषण करणारे साने गुरुजी त्या देवाचेच भक्त होते. देव सर्वांचा धनी असेल तर दार बंद ठेवणारा देवाच्या मालकीवर अतिक्रमण करतो, हे त्यांनी श्रद्धेतूनच ओळखले. हे सहाशे वर्षे उशिरा झाले. तो कलंक श्रद्धेवर राहील, आणि राहावा.

‘देवाची इच्छा’ या दोन शब्दांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. अपघातानंतर हे शब्द दोन तोंडांतून निघतात. ज्याचे गेले तो ते म्हणतो तेव्हा तो स्वतःला सावरत असतो, आणि त्याला अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याच्या हलगर्जीपणाने गेले तो किंवा त्याच्या वतीने कोणी ते म्हणतो तेव्हा तो पाप झाकत असतो. घाटकोपरचा तो फलक १२० फूट रुंद आणि तितकाच उंच होता. महापालिकेच्या नियमात मर्यादा ४० फुटांची होती. वारा देवाचा असेल, पण जास्तीचे ८० फूट माणसांनी लावलेले होते. २००६ च्या स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि १९ वर्षांनंतर मृतांच्या नातेवाइकांपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला: मग केले कोणी? कोर्टाचा निर्णय पुराव्यावर चालतो आणि तसाच चालावा. पण प्रत्येक जीव कोणाचा तरी आहे असे जो मानतो त्याला ‘नशीब’ म्हणून ही फाईल मिटवता येत नाही. ज्याला धनी आहे त्याच्या मरणाचा जाब विचारला जातो. दैववाद आणि श्रद्धा यांत मी हाच भेद करतो. दैववादी म्हणतो की घडायचे होते ते घडले. श्रद्धावंत म्हणतो की घडले त्याचा हिशेब द्यावा लागेल, इथेही आणि तिथेही.

कोणी विचारील, माणसे एकमेकांसाठी धावतातच की, त्याला देव कशाला हवा? २६ जुलैच्या रात्री अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत अनोळखी घरांची दारे उघडली, छातीभर पाण्यातून दोर धरून माणसांनी माणसांना काढले, वस्त्यांतल्या बायकांनी चहा करून रस्त्यावर वाटला. त्यांत देवभोळे होते, नास्तिक होते, सगळ्या धर्मांचे होते. भलेपणावर श्रद्धेची मक्तेदारी नाही, आणि तशी ती सांगणारा श्रद्धावंत मला खोटा वाटतो. पण त्याच रात्री ज्यांच्यापर्यंत कोणताही हात पोचला नाही अशीही माणसे होती. मदतीचे तत्त्वज्ञान जिवंतांपुरते पुरते. ज्याला मदत मिळाली नाही, ज्याच्यासाठी कोणी रडले नाही, ज्याचे नाव लिहिले गेले नाही, त्याचे जगणे वाया गेले नाही असे कोण म्हणू शकेल? माणूस म्हणू शकत नाही, कारण त्याला ते माहीतच नाही. माणसाची आठवण लहान आहे. ते वाक्य उच्चारायला जो कोणालाही विसरत नाही असा कोणीतरी हवा. मी याला ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणत नाही. पुरावा नाहीच. पण सर्व माणसांच्या जगण्याला समान अर्थ आहे असे आपण मानत असू, आणि आपल्यातले बहुतेक जण मानतात, तर त्या मानण्याला ईश्वरावाचून आधार शोधणे मला अवघड वाटते.

हा आधार रोजच्या वेळात कसा उतरतो ते पाहायचे तर उपनगरी गाड्यांतली भजनी मंडळे पाहावीत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले बाक. कोणी टाळ काढतो, कोणी ढोलकी, काही नसेल तर डब्याचा पत्रा आहेच. बुवा रूपाचा अभंग उचलतात, मागे कोरस धरतो, आणि उतरायचे स्टेशन येईपर्यंत गजर चालतो. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी गावच्या देवळातले भजन चाळीत आणले, चाळीतून ते गाडीत चढले. दसऱ्याला हाच डबा तोरणे-माळांनी सजतो. आवाजाचा त्रास होतो ही सहप्रवाशांची तक्रार रास्त आहे. थकलेल्या माणसाच्या झोपेचा मान राखणे हाही धर्म आहे. पण या तासाभराचे स्वरूप विचार करण्यासारखे आहे. गाडीतला वेळ शहराने माणसाकडून काढून घेतलेला वेळ आहे. त्याचा पगार मिळत नाही, त्यात विश्रांती मिळत नाही. तोच वेळ ही माणसे देवाला वाहतात आणि त्यामुळे तो त्यांचा होतो. मंडळातले कोणी गेले तर त्याच्या घरी दहाव्या-बाराव्याला भजनाला जातात. पूर्ण नाव, पद, पगार कदाचित माहीत नसतो. बाकावरची जागा आणि आवाजाची पट्टी माहीत असते. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या आणि त्या आषाढीला संतांच्या पादुकाही एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या. वारी थांबली असे तरीही वारकऱ्यांनी म्हटले नाही.

श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या बाजाराबद्दल मी वेगळे काही लिहीत नाही, कारण त्याचा निकाल गाडगे महाराजांनी आधीच लावलेला आहे. देव पाहिला का, असा सवाल ते कीर्तनात श्रोत्यांनाच टाकत; नवस, बळी, कर्ज काढून केलेले श्राद्ध यांची त्यांनी खराट्याने झाडलोट केली, आणि तरीही कीर्तनाचा शेवट नामाच्या गजरातच होत असे. त्यांचा भर देवळांवर नव्हता. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आयुष्य किती उरले याचा हिशेब ज्यांच्यापुढे रोज उघडा असतो त्यांना तिथे अंथरूण आणि अन्न मिळते. त्यांचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झाले आणि २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, त्यांनी देह ठेवला. देऊळ नाही, मठ नाही, तर पोलीस ठाणे. तिथे वर्दीतल्या माणसांपुढे एका म्हाताऱ्याने देव भुकेल्यात आणि रोग्यात आहे हे शेवटचे सांगितले.

एक प्रश्न मी सोडवू शकत नाही, आणि या पुस्तकातही तो सुटलेला वाचकाला आढळणार नाही. धनी आहे तर भिंत पडतेच का? चोखोबांच्या अंगावर तट का पडला? संतांनी याचे उत्तर दिलेले नाही. त्यांनी देवाशी भांडण मांडले. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठलाला शिव्याशाप आहेत, नामदेवांचे रुसवे आहेत, तुकारामांचे तर थेट आरोप आहेत. उत्तर नसताना भांडत राहणे हे नाते असल्याचे लक्षण आहे, एवढेच मला म्हणता येते. परक्याशी कोणी असे भांडत नाही. आणि नामदेव उत्तर मिळेपर्यंत पंढरपुरात बसून राहिले नाहीत. ते मंगळवेढ्याला निघाले.

वाचकांना एक विनंती आहे. पुढची पाने वाचून झाल्यावर कधी अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ल्याच्या रेल्वे पोलीस ठाण्यावरून जाणे झाले, आणि भिंतीवर अनोळखी मृतांचे फोटो लावलेले दिसले, तर पुढची गाडी चुकली तरी चालेल, थांबून प्रत्येक चेहरा नीट पाहावा. त्यांतला एखादा आपल्या ओळखीचा असू शकतो.